गल्लीत वायफाय वाटायचंय, जुने राउटर पडलेत, ओपनडब्ल्यूआरटी टाकून जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरणेत रो-हाउसची गल्ली, दोन रांगा मिळून १४ घरं, तीन घरांत फायबर आहे, बाकीचे मोबाइल डेटावर. मंडळाच्या खोलीत पोरांची अभ्यासिका चालते तिथे नेट नाही. चार-पाच जुने राउटर पडून आहेत, त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकून मेश करायचं, म्हणजे राउटर बिनवायरीचे एकमेकांना जोडायचे, आणि एका फायबरवर सगळी गल्ली चालवायची, पोलिसांचं काही लफडं होईल का. आणि शेवटी जाता जाता, ठाण्यात येऊरला मामांच्या पाड्यावर खालून लिंक नेता येईल का.

दादा, जमेल. पण तुम्ही सुरुवात फर्मवेअरपासून केलीय आणि ते सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी लाइन कोणाच्या नावावर ते ठरवा, मग केबल कुठून जाणार ते ठरवा, ही दोन कामं नीट झाली की फर्मवेअर एका संध्याकाळचं काम आहे. ठाणे-नवी मुंबईत सोसायट्यांची अशी नेटवर्कं मी लावून दिलीत, जी बंद पडली ती बहुतेक या पहिल्या दोन गोष्टींमुळे, राउटर बिचारे चालूच होते.

लाइनचं आधी सांगतो कारण हे टाळून चालणार नाही. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा ईमेल गेला तो सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या वायफायवरून गेला होता, तुमच्यापासून काही स्टेशनं. वायफायला पासवर्ड नव्हता, बाहेरच्या कोणीतरी वापरलं, पण आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, त्या फ्लॅटच्या कनेक्शनचा निघाला म्हणून तपास आधी त्या घरात शिरला. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या की ग्राहकांचं वायफाय उघडं राहू देऊ नका. म्हणजे तुमच्या नावावरच्या घरगुती फायबरवरून १४ घरं आणि अभ्यासिकेत येणारी बाहेरची पोरं नेट वापरणार असतील तर उद्या काहीही झालं तरी पहिला फोन तुम्हाला. शिवाय घरगुती प्लॅनच्या अटी वाचा, बहुतेकांत कनेक्शन पुढे वाटायला किंवा विकायला मनाई असते, आणि महिन्याला शंभर-शंभर रुपये गोळा केले की ते विकणंच झालं.

याला सरळ रस्ता आहे आणि तो लोकांना माहीतच नसतो. पीएम-वाणी, म्हणजे सार्वजनिक वायफायची सरकारी योजना. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलं. त्यात वायफाय देणारा जो असतो, चहावाला असो किराणावाला असो नाहीतर तुमचं मंडळ, त्याला पीडीओ म्हणतात, त्याला लायसन्स लागत नाही, रजिस्ट्रेशन नाही, फी नाही. त्याच्या वर पीडीओए म्हणून एक कंपनी असते, ती दूरसंचार विभागाकडे नोंदलेली असते आणि वापरणाऱ्याचा मोबाइल नंबर, ओटीपी, हिशोब, रेकॉर्ड हे सगळं ती सांभाळते. म्हणजे कोण कधी जोडला होता याचं उत्तर द्यायची व्यवस्था तयार असते आणि ते तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. आधी अडचण ही होती की कंपन्या पीडीओला म्हणायच्या तुम्हाला घरगुती प्लॅन मिळणार नाही, महागडी लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन, घ्या, आणि तिथेच माणूस गप्प बसायचा. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ते बांधून टाकलं, २०० एमबीपीएसपर्यंतचे जे घरगुती फायबर प्लॅन आहेत तेच पीडीओला द्यायचे आणि दर घरगुतीच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. त्यामुळे ऑफिसात कोणी तुम्हाला लीज्ड लाइनच घ्यावी लागेल असं सांगितलं तर हा आदेश पुढे करा.

आता माझं स्पष्ट मत. १४ च्या १४ घरं एका लाइनवर आणायचा हट्ट सोडा. साधा फायबर प्लॅन चारशे-पाचशेच्या आसपास मिळतो, ज्याला परवडतं त्याने स्वतःचं घ्यावं, त्याची जबाबदारी त्याच्याकडे. गल्लीचं नेटवर्क करायचं ते अभ्यासिकेसाठी आणि ज्या तीन-चार घरांना खरंच झेपत नाही त्यांच्यासाठी. मंडळाच्या नावावर पीडीओ म्हणून एक लाइन घ्या, नेटवर्क लहान राहील, आणि लहान असेल तरच ते टिकतं. दहावी-बारावीच्या पोरांना रात्री अकरा वाजता नेट चालू मिळालं पाहिजे, सगळी धडपड त्यासाठी आहे.

हे मी फक्त कायद्याला घाबरून सांगत नाहीये. जिथे असली नेटवर्कं खरंच मोठी झाली तिथेही हाच प्रश्न आधी सोडवावा लागला. जर्मनीत फ्रायफुंक म्हणून चळवळ आहे, लोक स्वतःचे राउटर बाल्कनीत लावून नेट वाटतात, पण तिथल्या कायद्यात दुसऱ्याने केलेल्या डाउनलोडसाठी लाइनच्या मालकाला धरता यायचं, म्हणून कित्येक वर्षं ते लोक सगळं ट्रॅफिक व्हीपीएनमधून दुसऱ्या देशात फिरवून आणायचे, २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हा सुटले. स्पेनच्या कॅटलोनियात गिफी डॉट नेट २००४ मध्ये खेड्यापाड्यांतून सुरू झालं कारण कंपन्या तिथे लाइन टाकायला तयार नव्हत्या. आज त्यांचे हजारो नोड आहेत, स्वतःचं फायबरही आहे. त्यांनी सुरुवातीच्या काळातच एक लेखी करार केला, जो जोडला जाईल त्याने दुसऱ्याचं ट्रॅफिक आपल्यातून जाऊ द्यायचं आणि कोणी कोणाला अडवायचं नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरून नेट पोचवलं, २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत तो प्रकल्प पहिला आला, त्यातही गावपातळीवर ते चालवणार कोण आणि पैसे कसे सुटणार यावर त्यांनी तंत्राइतकाच विचार केला होता. तुमच्या गल्लीलाही एक पान कागद लागेल. महिन्याला किती, कोणाकडे, पासवर्ड कोणाकडे, आणि नेट बंद पडलं तर फोन कोणाला.

आता केबल. मेश हा शब्द ऐकायला भारी वाटतो पण तुमच्याकडे जे राउटर पडलेत ते बहुतेक एकाच रेडिओचे, २.४ गिगाहर्ट्झवाले असणार. असा राउटर ज्या रेडिओवर मोबाइलशी बोलतो त्याच रेडिओवर पुढच्या राउटरशी बोलतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला स्पीड साधारण निम्मा होतो. तीन टप्पे गेले की १०० चे बारा-तेरा उरतात, तेही कागदावर. त्यात कोपरखैरणेत २.४ वर शेजारपाजारचे वीस-तीस वायफाय दिसतात आणि एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. बॅटमॅन-ॲडव्ह, ८०२.११एस ही मेशची तंत्रं छान आहेत, बॅटमॅन तर बर्लिनच्या फ्रायफुंकवाल्यांनीच लिहिलं आणि २०११ पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे, पण ते जिथे वायर टाकताच येत नाही तिथलं औषध आहे. तुमच्याकडे भिंतीला भिंत लागून घरं आहेत, एका रांगेत वरून वायर सहज फिरते. कॅट सिक्स टाका, १०० मीटरपर्यंत काही प्रश्न नाही.

केबल घेताना मात्र बघून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला निम्म्या भावात जी पेटी मिळते ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने तारेचं टोक हलकं खरवडा, आतून पांढरट निघालं तर घेऊ नका. नुसत्या डेटाला ती चालून जाते पण त्याच केबलमधून पीओईने गच्चीवर पॉवर न्यायची असेल तर व्होल्टेज पडतं, केबल गरम होते, आणि गच्चीवरचा डबा दुपारी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतो, मग लोक राउटरला शिव्या देतात. उघड्यावर जाणारी केबल काळ्या आउटडोअर जॅकेटचीच घ्या, आतली पांढरी-निळी केबल उन्हात तडकते. आणि पावसाचं एक साधं काम करा. केबल गच्चीवरच्या डब्यात शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्या आणि डब्यात खालून घ्या. पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. वरून सरळ आत घेतली तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाणी केबलच्या अंगाने चालत कनेक्टरमध्ये जातं, पिना हिरव्या पडतात, लिंक कधी १००० ची १०० होते कधी १० होते आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसता.

समोरच्या रांगेला जाताना तांब्याची केबल अजिबात टाकू नका. दोन वेगळ्या इमारती, वेगळे मीटर, वेगळं अर्थिंग, वीज जवळपास कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट एका दमात जातात. तिथे फायबरची ड्रॉप केबल आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅनच्या वायरीशी जोडणारे डबे) लावा, जोड तुमचा केबलवालाच मारून देईल. पण रस्त्यावरून वायर ओढायची म्हणजे पालिकेच्या परवानगीचा विषय येतो, तो नको असेल तर दोन आउटडोअर सीपीई, म्हणजे अँटेनासकट येणारे वायरलेस डबे, समोरासमोर लावा, ५ गिगाहर्ट्झवाले. गल्ली पंधरा-वीस फूट म्हणून त्यांची पॉवर अगदी खाली आणा, फुल पॉवरवर इतक्या जवळून ते एकमेकांना बधिर करतात. आणि या सीपीईमध्ये ओपनडब्ल्यूआरटी टाकायच्या भानगडीत पडू नका. त्यांचं कंपनीचं फर्मवेअर दोन टोकांच्या लिंकसाठीच बनवलेलं असतं, अँटेना जुळवायला सिग्नलचा काटा दाखवतं, ते राहू द्या.

आता फर्मवेअर, ज्यासाठी तुम्ही विचारलंत. हे सगळं आलं कुठून तर लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर होता, २००२ च्या शेवटी आलेला. लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स चाललंय, आणि लिनक्सचं जीपीएल लायसन्स म्हणतं सोर्स कोड द्यावा लागेल, मागे लागून लागून २००३ मध्ये तो बाहेर आला आणि २००४ मध्ये त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. मध्ये २०१६ ला फूट पडली, लेडे म्हणून वेगळी चूल मांडली, २०१८ ला परत एकत्र आले. मला हे फर्मवेअर एवढं जवळचं वाटतं त्याचं कारण अपडेट. कंपनी दोन-तीन वर्षांत जुन्या मॉडेलकडे बघणं बंद करते आणि राउटर तर घरात दहा वर्षं चालतो. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने जगभरात पाच लाखांवर राउटर धरले होते, त्यात आपल्याकडे घरोघरी असतात त्या कंपन्यांचेही होते.

तर राउटर उलटा करा आणि खालचं स्टिकर वाचा. मॉडेलच्या खाली बारीक अक्षरात व्हर्जन असतं, व्हर्जन ३, ३.२०, ४ असं काहीतरी. हा आकडा मॉडेलच्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे कारण त्याच नावाखाली कंपनी आतली चिप बदलते, एक व्हर्जन चालतं आणि पुढचं चालत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर टेबलमध्ये अगदी तेच व्हर्जन शोधा. मग फ्लॅश (फर्मवेअर साठतं ती मेमरी) आणि रॅम बघा. तुमच्याकडे टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन नक्की असणार, सगळ्यांकडे असतो, त्याच्या बहुतेक व्हर्जनमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे, त्यावर आजचं ओपनडब्ल्यूआरटी बसत नाही आणि जुनं टाकून गल्लीला देऊ नका, त्यात सिक्युरिटी अपडेट नाहीत. तो वायफाय बंद करून स्विच म्हणून वापरा. ८ आणि ६४ वाला जेमतेम चालतो. नवीन घ्यायचाच तर १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम याच्या खाली जाऊ नका, २५६ रॅम असेल तर आनंदच. चिप मीडियाटेक किंवा क्वालकॉम-अथेरॉसची बघा, ब्रॉडकॉमच्या वायफायला मोकळे ड्रायव्हर धड नाहीत. एक मुख्य राउटर चांगला घ्या, बाकी ठिकाणी साधे चालतील.

फाइल दोन प्रकारच्या असतात. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना फॅक्टरी, आणि नंतर ओपनडब्ल्यूआरटीवरून ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना सिसअपग्रेड. डाउनलोड झाल्यावर चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवून बघा, फाइल लॅपटॉपवरून लॅनच्या वायरने टाका, वायफायवरून नाही, आणि महावितरणचा भरवसा नको म्हणून राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, तो पुढे नेटवर्कलाही लागणारच आहे. टाकून झालं की राउटर १९२.१६८.१.१ वर येतो, पासवर्ड नसतो, वायफाय बहुतेक मॉडेलवर बंद असतं. इथे बरेच लोक घाबरतात की राउटर मेला, मेलेला नसतो, वायरने आत जाऊन आधी पासवर्ड ठेवायचा, मग वायफाय चालू करायचं आणि देश इंडिया निवडायचा. देश चुकीचा ठेवून पॉवर वाढवायची ट्रिक सांगणारे भेटतील, ते करू नका, २.४ गिगाहर्ट्झ आपल्याकडे २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये लायसन्सशिवाय मोकळा झाला तो ठरावीक पॉवरच्या अटीवर, आणि राउटर ओरडला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो, लिंक दोन्ही बाजूंनी लागते. खरंच काही बिघडलंच तर टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलना लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.०.६६ ठेवून, लॅपटॉपवर टीएफटीपी नावाचा साधा फाइल सर्व्हर चालू करून त्यात फाइल ठेवून, रीसेट दाबून चालू केलं की ते स्वतः फाइल ओढून घेतात. त्या मॉडेलच्या पानावर फाइलचं नाव नेमकं काय ठेवायचं ते दिलेलं असतं. हे पान फ्लॅश करायच्या आधी वाचा.

तुम्हाला ओपनडब्ल्यूआरटीचा खरा फायदा मिळेल तो एसक्यूएममध्ये, म्हणजे पॅकेटची रांग आवरणाऱ्या त्याच्या सोयीत. एका घरात कोणी गेम डाउनलोडला लावला की बाकीच्यांचा क्लास अडकतो, ते स्पीड कमी म्हणून नाही तर राउटरमध्ये पॅकेटची रांग तुंबते म्हणून. एसक्यूएम टाका, त्यात केक नावाची पद्धत निवडा, आणि लाइनच्या खऱ्या मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्के आकडा घाला म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्याकडे लागते आणि तुम्ही ती नीट वाटू शकता. ॲडव्हान्सडमध्ये डाउनलोडला नॅट आणि ड्युअल-डीएसटीहोस्ट, अपलोडला नॅट आणि ड्युअल-एसआरसीहोस्ट एवढं लिहिलं की वाटणी आयपीगणिक सारखी होते. आता इथे गंमत बघा. घराघरातले छोटे राउटर एपी मोडमध्ये ठेवले, म्हणजे वायर लॅन पोर्टला आणि डीएचसीपी (आयपी वाटणारी सोय) बंद, तर मुख्य राउटरला प्रत्येक मोबाइल वेगळा दिसतो आणि ज्या घरात आठ मोबाइल त्याला आठ वाटे मिळतात. तेच छोटे राउटर राउटर मोडमध्ये ठेवले, वायर वॅन पोर्टला, तर अख्खं घर एकच आयपी दिसतं आणि वाटणी घरागणिक होते. घरं पैसे घरागणिक देणार असतील तर दुसरी पद्धत न्यायाची, डबल नॅटमुळे, म्हणजे आयपी वाटेत दोनदा बदलल्यामुळे, एखाद्या गेमला त्रास होईल तो होऊ द्या. अभ्यासिकेला मात्र एपी मोड, आणि वायफायमध्ये क्लायंट आयसोलेशन चालू, म्हणजे एकाच्या लॅपटॉपला दुसऱ्याचा लॅपटॉप दिसणार नाही. एक ध्यानात ठेवा, पीडीओएला मोबाइल-ओटीपीचं लॉगिन लागतं आणि बऱ्याचदा ते स्वतःच्या यादीतला एपी किंवा ठरावीक सेटिंग मागतात, म्हणून हार्डवेअर घ्यायच्या आधी त्यांना विचारा की ओपनडब्ल्यूआरटीवर त्यांचं लॉगिन पेज चालेल का, आणि घरागणिक राउटर ठेवले तर त्या घरातल्या माणसांची नोंद कशी होणार. ते नाही म्हणाले तर घरांतही एपी मोडच ठेवायचा.

सगळं चालू झालं की त्याच दिवशी सेटिंगचा बॅकअप काढा, ल्यूसीमध्ये, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंग पानावर, एक बटण आहे, फाइल दोन माणसांकडे ठेवा आणि ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात मंडळाच्या कपाटात. ज्याला सगळं येतं तो पोरगा नोकरीला पुण्याला गेला की नेटवर्क गेलं, हे मी ऐरोलीपासून कळव्यापर्यंत बघितलंय. म्हणून गल्लीतल्या आणखी एकाला, शक्यतो एखाद्या मुलीला, अकरावी-बारावीवाली हुशार पोरगी असते कुठेतरी, तिला शेजारी बसवून एक राउटर तिच्याच हाताने फ्लॅश करून घ्या.

येऊरचं राहिलं. खालून पाड्यापर्यंत हवेतून १ किलोमीटर असेल तर ५ गिगाहर्ट्झला नुसतं समोरचं टोक दिसून भागत नाही, मधोमध रेषेभोवती साधारण ३.७ मीटर त्रिज्येचा घेर असतो आणि त्यातला किमान ६० टक्के, म्हणजे सव्वादोन मीटर, मोकळा लागतो. उन्हाळ्यात पानगळीत लिंक झकास लागते आणि पावसाळ्यात तीच झाडं ओल्या पानांनी भरली की बसते, पाऊस स्वतः एवढं अडवत नाही, ओली पानं अडवतात. त्यामुळे पाहणी ऑगस्टमध्ये करा, तेव्हा दिसलं तर बारा महिने दिसेल. आणि ते राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, वन खात्याला विचारल्याशिवाय खांब उभा करू नका, आधीपासून असलेल्या घराच्या किंवा शाळेच्या छतावर जमतंय का ते बघा.

आता तुम्ही एवढं करा, सगळ्या राउटरच्या खालच्या स्टिकरचे फोटो आणि गल्लीचा हाताने काढलेला नकाशा टाका, कुठल्या घरात फायबर येतं, मंडळाची खोली कुठे आणि कोणाची गच्ची मिळू शकते एवढं त्यावर लिहा. कुठल्या राउटरला कुठली फाइल आणि कुठे किती मीटर केबल ते मी सांगतो. पीडीओएशी बोलणी तोवर सुरू करा.